मास्टरवरची टिकली

एखादा माणूस कसा आहे असं यशवंतमामाला विचारलं, की तो दोन आकडे सांगायचा.

"तुमचे हेडमास्तर? गेन दोन, मास्टर दहा." आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, "गेन नऊ, मास्टर नऊ. यांचा प्लगच काढून ठेवा कुणीतरी." आणि माझ्याबद्दल, माझ्याच सासऱ्यांसमोर, "आमचा भाचा. गेन आठ, मास्टर शून्य. आतल्या आत फाटतो, बाहेर कुणाला पत्ता नाही."

हे आकडे त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरवरचे. मामा अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर होता आणि सुट्टीला भीमगीतांच्या पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये लच्छूभाई नावाचे सिंधी रिपेअरवाले त्याचे दोस्त. कुठल्यातरी मोडलेल्या बँडचा जुना विलायती अ‍ॅम्प त्यांच्याकडे आला, तो मामाने उचलला. आत काचेचे व्हॉल्व्ह, वजन तांदळाच्या पोत्याएवढं, आणि आवाज केस वाढवून रॉक वाजवणाऱ्या पोरांसाठी बनवलेला. जयंतीच्या कार्यक्रमात मामाने त्यावर पहिल्यांदा तार छेडली, तेव्हा पेटीवाल्याने पेटी मिटली आणि कुठली वायर जळतेय ते बघायला तो स्टेजखाली उतरला.

गेन आणि मास्टर यांतला फरक मामाने मला चहा करताना शिकवला. "गेन म्हणजे खालचा गॅस. वाढवला की आवाज उकळतो, फुटतो, खरखरतो. मास्टर म्हणजे गाळून कपात किती ओतायचं ते. दहा उकळ्या आण आणि घोटभर ओत, जमतं. लोकांना वाटतं, कडक पाहिजे म्हणजे बादलीभर पाहिजे."

तिसरी गोष्ट स्टँडबाय. व्हॉल्व्ह तापेपर्यंत अ‍ॅम्प वाजवायचा नाही, नुसता चालू ठेवायचा. हा नियम मामाने स्वतःलाही लावला होता. ड्यूटीवरून आल्यावर पाच मिनिटं तो कुणाशी बोलत नसे. काही विचारलं तर एक बोट वर करायचा. ते खाली आलं की मग गप्पांना सुरुवात.

सुमनमामी गेल्यावर मी त्याला बदलापूरला आमच्या फ्लॅटवर आणलं. सोबत अ‍ॅम्प आला. त्याच्या प्रत्येक नॉबभोवती मामीच्या पाकिटातल्या टिकल्या चिकटवलेल्या. लाल टिकल्या जयंतीच्या, हिरव्या लग्नांच्या. कुठल्या कार्यक्रमाला कुठला नॉब कुठवर फिरवायचा, त्याच्या या खुणा. माझ्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी टिकल्या लावलेलं ते काळं धूड बसलं. शाळेतले सहकारी घरी आले की एकमेकांकडे बघून हसायचे, आणि मामा त्यांना हौसेने एकेक टिकली समजावून सांगायचा. मला लाज वाटायची. आज वाटते ती लाज वेगळी आहे.

एक दिवस मी त्याला म्हणालो, "मामा, खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. आवाजाची."

कुणीही तक्रार केली नव्हती.

"खालचे?" मामा म्हणाला. "अरे, मास्टर तर..." मग थांबला. "बरं."

मी त्याला एक डिजिटल डबा आणून दिला. जाडसर शब्दकोशाएवढा. त्याच्या पोटात अनेक अ‍ॅम्पच्या नकला होत्या, मामाच्या अ‍ॅम्पचीही होती. हेडफोन लावून वाजवायचं, शेजाऱ्यांना त्रास नाही. मामाने बटण दाबलं आणि डबा लगेच वाजला.

"तापायला वेळच नाही घेत," तो म्हणाला. "भरवसा कसा ठेवायचा?"

दुसरी खोड त्याला दोन दिवसांनी सापडली. डब्यात सेटिंग जपून ठेवता येई, पण ते परत काढलं की नॉब जागचे हलत नसत. "हे बघ. नॉब दाखवतोय पाच, वाजतोय दोन. आणि नुसता हात लावला की दोनाचे पाच." तो माझ्याकडे बघत होता. "चांगला आहे डबा. फक्त खोटं बोलतो."

मी चष्मा पुसत बसलो.

त्या रविवारी मामा बाहेर गेला असताना मी टिकल्यांच्या जागांचे आकडे मामाला डब्यात भरता यावेत म्हणून वहीत उतरवले आणि अ‍ॅम्प माळ्यावर टाकायच्या आधी रॉकेलच्या फडक्याने लख्ख पुसला. मास्टरच्या दोनावर एकच मरून टिकली होती. तिच्या जोडीची दुसऱ्या कुठल्याच नॉबला नव्हती. चुकून चिकटली असेल, म्हणून तिचा आकडा मी घेतलाच नाही.

मामा आला. मास्टरभोवतीची जागा त्याने बोटाने चाचपली. "स्वच्छ केलंस," म्हणाला आणि खुर्चीत बसला. बायकोने चहाचं विचारलं, तर त्याने बोट वर केलं. त्या दिवशी ते बोट खाली आलं नाही.

पुढच्या वर्षी मामा गेला. पुण्यानुमोदनाला लच्छूभाई आले होते. वंदना झाली, जेवणं झाली, मग त्यांनी अ‍ॅम्प बघायला मागितला. मी तो माळ्यावरून उतरवला.

"अरे, भाभीची टिकली किधर गई?"

"कुठली?"

"मास्टरवाली. मरून." ते खाली बसले. "वहिनी बिमार होती ना, आवाजाने डोकं दुखायचं तिचं. अपने कपाळाची काढून लावली. बोलली, गेन कितना भी रखो, मास्टर इसके आगे नहीं. मी व्हॉल्व्ह बदलायचो, तर यशवंत बाजूला खडा. लच्छू, टिकलीला हात नको. घरात त्याच्या पुढे तो कधी गेलाच नाय. वहिनी गेल्यावर पण नाय."

म्हणजे आमच्या हॉलमध्येही मास्टर दोनावरच होता. खालच्या मजल्यावर काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं. माझं खोटं मामाला त्याच क्षणी कळलं होतं.

"टिकली मी पुसली," मी म्हणालो. "आणि तक्रारही कुणाची नव्हती, माझीच होती." आवाज जरा मोठा निघाला असावा, कारण स्वयंपाकघरातली भांडी थांबली. लच्छूभाई अ‍ॅम्पवरची धूळ हाताने पुसत राहिले.

सगळे गेल्यावर मी मामाचा डबा चालू केला. माझ्या वहीतले आकडे त्याने भरलेच नव्हते. जयंती नाही, लग्न नाही. पहिल्या जागेवर तेवढं एक सेटिंग होतं. टिकली पुसल्यावर, हेडफोन लावून, निव्वळ कानाने शोधलेलं. छोट्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत नाव होतं, सुमन. मास्टर दोन.

डब्यावरचा नॉब मात्र सातावर होता. सवयीने तो नीट करायला मी हात पुढे केला. लावला असता, तर दोनाचे सात झाले असते.

मी हात मागे घेतला.