धाकटं शिखर

दुकानात डोळ्याला भिंग लावून चाकं जुळवताना मान अवघडली, की घड्याळजी खिडकीतून थोरल्या शिखराकडे बघत बसायचे. इतकी वर्षं बघून त्याची वाट आपल्याला तोंडपाठ झाली आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांचे साडू तिथे एकदाच जाऊन आले होते आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात तोच डोंगर चढत होते.

म्हणून घड्याळजींनी साडूंच्या हातात दुर्बीण देऊन त्यांना पायथ्याच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसवलं आणि स्वतः बायकोला घेऊन निघाले.

"ढग उतरलेत हो," बायको म्हणाली.

"उतरू देत. मी डोळे मिटून नेईन तुला."

झालंही तसंच. पायाखालचं ओलं गवत तेवढं दिसत होतं, बाकी सगळं पांढरं. आपण चालतोय की तरंगतोय, कळेना. बोललेलं चार पावलांवर विरून जात होतं. घड्याळजींनी बायकोचा हात धरला तो सोडलाच नाही. मग अचानक चढ संपला. समोर दगडांची एक रास होती आणि पुढे काहीच नव्हतं. त्यांनी साडूंना फोन लावला.

"पोहोचलो. दिसतोय का?"

"थांबा हं. इकडे आता उघडलंय. हां, दिसलात. हात हलवा बरं."

घड्याळजींनी हात हलवला.

"वा, साडूभाऊ. पण बरोबर एवढी माणसं कोण? आणि तुम्ही चक्क नाचताय?"

घड्याळजी तर बसले होते. तेवढ्यात वारा सुटला. ढग पडद्यासारखा सरकला आणि पलीकडे, दरीभर पसरलेल्या कापसावर, थोरलं शिखर उन्हात उभं राहिलं. चांगलं उंच. त्याच्या माथ्यावर पाचसहा मुंग्या नाचत होत्या.

घड्याळजींनी फोनवर हात ठेवला. "तुला माहीत होतं?"

"मघापासून शंका होती," बायको थर्मासचं झाकण फिरवत म्हणाली. "पण तुम्ही इतके खुशीत होता. आणि बघा ना, इथून ते काय सुंदर दिसतंय."

खरंच दिसत होतं. दोघं चहा घेत बघत राहिली. खरं काय ते सांगून टाकावं, असं घड्याळजींनी मनाशी ठरवलं आणि फोन कानाला लावला.

साडूच आधी बोलले. "साडूभाऊ, तुमच्या शेजारच्या त्या बुटक्या शिखरावर कुणी दोघं चहा पीत बसलीत. वाट चुकली वाटतं बिचाऱ्यांची. उतरताना जरा त्यांनाही घेऊन या."