या कानाचं त्या कानाला

"या कानाचं त्या कानाला कळू देणार नाही," असं मेहुणेबुवांनी छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा ते नेमके दाजींच्या डाव्या कानाशी बोलत होते. तो कान ठार बहिरा. त्यामुळे सगळं दोनदा सांगावं लागलं.

दाजी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे होते. कारखान्यातल्या धडधडत्या यंत्रांशेजारी तीस वर्षं काढली, त्यात डावा कान गेला आणि उजवा अर्धा उरला. माणूस लाखात एक. पण पत्रकावर मेहुणेबुवांनी हौसेनं छापलं होतं, 'तुमचं ऐकणारा उमेदवार!' आता कानातलं मशीन दाखवायचं कसं?

"सांगून टाकू लोकांना," दाजी म्हणाले.

"लोक हसतील, दाजी. मशीन कोटाच्या खिशात ठेवा. मी शेजारी बसतो. खिसा एकदा ओढला की 'हो', दोनदा ओढला की 'नाही'."

योजना फर्मास होती. फक्त सभेच्या दिवशी मेहुणेबुवांना खोकला झाला.

पहिला प्रश्न शिवणकाम करणाऱ्या बाईंचा. "नळाला रोज पाणी येईल का?" मेहुणेबुवांनी खिसा ओढला, तोच उबळ आली आणि हाताला दुसरा हिसका बसला.

"नाही," दाजी ठणकावून म्हणाले.

"म्हणजे निवडून आल्यावर तुम्हीही गायब होणार?"

मेहुणेबुवांनी घाबरून जोरात ओढलं. दुसऱ्यांदा ओढायला खिसाच उरला नाही, तो मुळासकट हातात आला.

"हो, शब्द देतो," दाजी म्हणाले.

मशीन टेबलावर पडून कुईं करत राहिलं. सभा खो खो हसली. ते हसू दाजींना ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्यांनी मशीन उचलून सगळ्यांदेखत उजव्या कानात घातलं.

"मला कमी ऐकू येतं. आधीच सांगायला हवं होतं, चुकलंच. मत देताना याचा विचार करा, तो तुमचा हक्क आहे. आता प्रश्न पुन्हा विचारा."

संपलं सगळं, असं वाटून मेहुणेबुवा खोकायचंही विसरले.

"विचार तर करणारच," बाई म्हणाल्या. "आत्ताच्या नगरसेवकांचे दोन्ही कान धडधाकट आहेत. पाच वर्षं घसा फोडतोय आम्ही. तुम्ही निदान मशीन तरी लावता." मग त्या खुर्ची उचलून दाजींच्या उजव्या बाजूला येऊन बसल्या. "आणि तो कोट उद्या पाठवून द्या."

घरी जाताना मेहुणेबुवांना कंठ फुटला. "बघितलंत दाजी? शेवटी माझीच योजना कामी आली. मी तर आधीपासूनच..."

दाजींनी शांतपणे मशीन काढलं, उरलेल्या खिशात ठेवलं आणि मेहुणेबुवांकडे डावा कान केला.