साळवे सरांची द्रावकं

साळवे सर नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. पारनेरच्या आमच्या कॉलेजात मी रुजू झालो, तेव्हा त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "आधी कुठं होता?"

"अकोले तालुक्यात."

"म्हणजे भाताच्या द्रावकातून बाजरीच्या द्रावकात. आकार बदलणार तुमचा."

बदललाही. पण त्याचं श्रेय मी कँटीनच्या भज्यांना देतो.

सर रसायनशास्त्र शिकवतात, मी मराठी. त्यामुळे मला काही कळत नाही, यावर कॉलेजात एकमत आहे. तरीही सरांचा सिद्धांत मला पाठ आहे, कारण चहाबरोबर तोच मिळतो. तांब्याचा क्षार तोच, सेंद्रिय आम्ल तेच. फक्त ज्यात विरघळवता ते द्रावक बदला, की स्फटिकाची घडण बदलते. पाण्यात निळ्या सुया होतात. "पाण्याचे रेणूच तांब्याला चिकटून बसतात हो! लग्नात मामालोक पुढच्या खुर्च्या धरतात, तसे. आम्लाला जागा कुठून मिळणार?" मिथेनॉलमध्ये नुसता चिखल. डीएमएफ नावाच्या द्रावकात मात्र, नशीब असेल तर, हिरवे चौकोनी स्फटिक. आत पोकळ्या, आणि पोकळ्यांत ते द्रावकच पाहुण्यासारखं ठाण मांडून.

असा एक मोठा, बिनडागी स्फटिक पुण्याला क्ष-किरणांखाली न्यायचा, एवढंच सरांचं जीवितकार्य. घरी वाट बघणारं कुणी नाही, त्यामुळे प्रयोगशाळेच्या कपाटात स्फटिक धरायला ठेवलेल्या बाटल्यांकडे बघायला वेळच वेळ. कपाटाजवळ शिंकायला बंदी. प्राचार्यांनासुद्धा तिथं टाचा उचलून चालावं लागे. पदाची एवढी शोभा मी दुसरीकडे पाहिली नाही.

चार वर्षांनी, यंदा, एका बाटलीत तो स्फटिक आला. सर आठवडाभर हसत होते. विद्यार्थी घाबरले.

नेमकी तेव्हाच तपासणी समिती यायची ठरली. समितीला ज्ञान दिसलं नाही तरी चालतं, धूळ दिसता कामा नये. प्राचार्यांनी आमच्या हंगामी सफाई कामगार मथुराबाईंना प्रयोगशाळेत धाडलं.

सर तासावरून आले, तेव्हा बाटल्या लखलखत होत्या.

"शेवाळ साठलं हुतं सर, लई घान," मथुराबाई कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाल्या. "म्या बोटानं खरवडून काढलं."

आता तमाशा होणार म्हणून मी, खोटं कशाला बोलू, खुर्ची ओढून बसलो होतो.

सरांनी रिकामी बाटली खाली ठेवली. "हातमोजे घातले हुते?"

"न्हाई."

त्यांनी बाईंना नळाखाली नेलं आणि स्वतः साबणानं त्यांचे हात कोपरापर्यंत धुतले. बाई लाजून "ऱ्हाऊ द्या सर" म्हणत होत्या. "बाटलीतलं ते द्रावक कातड्यातून आत जातं, बाई. लिव्हरला धरतं." मग माझ्या गाडीतून आम्ही तिघं दवाखान्यात. रक्त तपासायला दिलं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण दिसत नाही; सरांनी तेच तीनदा विचारलं.

बाकावर बसल्यावर मथुराबाईंना आमच्या चेहऱ्यांवरून काहीतरी उमगलं असावं. हळूच म्हणाल्या, "सर, ते शेवाळ न्हवतं का? तुमचं काई कामाचं हुतं?"

मी सरांकडे बघितलं.

"शेवाळच हुतं," सर म्हणाले. "बरं झालं काढलंत. मला कधीचं जमत नव्हतं."