चोवीस मोळ शेवंती

गणित येणाऱ्या माणसाने अंदाजाने काम करू नये, असं माझं ठाम मत आहे. पटत नसेल तर पुढे वाचूच नका!

माझ्या मेहुणीचा, स्मृतीचा, साखरपुडा होता. मल्लेश्वरमच्या हॉलमध्ये पाटांपुढे शेवंतीच्या माळेने तारा काढायचं मी ठरवलं. साधासुधा नव्हे! चार टोकं सुईसारखी आणि चारही बाजू आत वळलेल्या. सासरे हणमंतराव म्हणाले होते, "हे जमलं तर लग्नाची सजावटही तुमच्याकडेच, जावईबापू." सात पिढ्या बेंगळुरात मुरलेल्या त्या घराने पुण्याच्या जावयाला पहिल्यांदाच काम दिलं होतं!

अशा ताऱ्याची परिमिती म्हणजे मध्यापासून टोकापर्यंतच्या अंतराची सहापट. अंतर सहा फूट, तेव्हा माळ छत्तीस फूट. इथे माळा मोळावर विकतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. मी हाताला टेप लावला. बरोब्बर दीड फूट! फूलवालीला चोवीस मोळ सांगून टाकली.

"चार जास्त घ्या हो," बायको, विद्या, म्हणाली.

"गणितात 'चार जास्त' नसतं!"

साखरपुड्याच्या सकाळी माळ अंथरली. तीन बाजू झकास झाल्या. चौथी जेमतेम सुरू झाली आणि माळच संपली!

"मोळ कुणाच्या हाताचं धरलंत?" विद्याच्या अंबुआत्यांनी, म्हणजे हणमंतरावांच्या अंबक्कांनी, विचारलं.

"माझ्या."

"आणि मोजून दिलं फूलवालीनं! ती केवढीशी, तुम्ही केवढे! स्वल्प विचारायचं की हो आम्हाला!"

मी टेप घेऊन मार्केटात धावलो. "अक्का, हात दाखवा!" माझ्या मोडक्या कन्नडमध्ये मी फूलवालीवर ओरडलो. तिने भक्तिभावाने तळवाच पुढे केला. "मुलीचं लग्न कधी जमेल, स्वामी?" तिच्यामागे भाजीवाली उभी राहिली, भाजीवालीमागे ऑटोवाला. मी टेप नाचवून समजावतोय आणि रांग वाढतेय! ऑटोवाल्याला परदेशयोग सांगितला तेव्हा कुठे सुटका झाली. तोवर मुहूर्ताच्या गर्दीने सगळी शेवंती उचलली होती.

घामाघूम होऊन परतलो. वरपक्ष येऊन बसला होता आणि माझ्या ताऱ्याच्या जागी सुरेख गोल होता! अंबुआत्यांनी माळेची दोन्ही टोकं सरळ एकमेकांना बांधून टाकली होती.

"किती सुबक! कोणी काढलं?" नवऱ्या मुलाच्या आईने विचारलं.

"आमच्या जावईबापूंनी!" हणमंतराव म्हणाले. काय सांगू, गहिवरून आलं मला! मग ते माझ्या कानाशी वाकले. "लग्नाची सजावट अंबक्का बघेल. तुम्ही नुसते जेवायला या. सरी?"

सरी, म्हणजे ठीक आहे, म्हणालो. किती वाजता यायचं, तेवढं मात्र विचारून घेतलं.