व्हिला ग्रानहिलची तिरकी खिडकी

“दार लाव गं, ऊब पळतेय!” शेजारच्या व्हिला ग्रानहिलमधून येणारी रागनारकाकांची ही हाक लहानपणापासून माझ्या कानात आहे. काका गेले. ऊब त्यांच्याही आधी गेली होती.

घर माणसांसाठी असते हा जुना गैरसमज आहे. संरक्षित घर वास्तुकलेसाठी असते. माणसे त्यात दिवे लावण्यापुरती ठेवतात. १९०८ सालच्या या व्हिलाला ग्रॅनाइटचा पाया आहे, डांबर माखलेल्या फळ्यांच्या भिंती आहेत आणि माडीवर, निजायच्या खोलीत, ती प्रसिद्ध तिरकी खिडकी आहे. वारसा समितीच्या पुस्तिकेत तिला तीन पाने दिली आहेत. (थंडीला एकही नाही.) ‘सरळ भिंतीत अवचित कललेली ही चौकट म्हणजे तळ्यावरच्या वाऱ्याने झुकलेला पाइनच!’ वाचून मन भरून येते.

तिच्या फटीतून बर्फही येतो. काकांच्या मागे एकट्या राहिलेल्या गुनवोरकाकूंचे समितीकडे मागणे एवढेच होते, की आतून दुसरी काच बसवू द्या. नाहीतर हिवाळ्यात लेकीच्या फ्लॅटवर जावे लागेल, आणि तिथून तळे दिसत नाही.

समितीचे टोर्केल पुन्हा पाहणीला आले. आमच्याकडे पाहुणा दारातच बूट काढतो. वास्तुतज्ज्ञही त्याला अपवाद नाही. गार जमिनीवर नुसत्या मोज्यांनी, कधी या पायावर तर कधी त्या पायावर उभे राहत ते म्हणाले, “काय हा झुकाव! दुसरी काच म्हणजे प्रतिभेच्या डोळ्यांवर पट्टी!”

“गारठा नाही ना वाटत?” काकूंनी विचारले.

“छे, छे!” निळे ओठ म्हणाले.

(पाहुणा कौतुक करत असताना त्याला मधेच तोडणे आमच्यात बसत नाही. पहिल्या पाहणीला काकू कॉफी ओतत होत्या म्हणून गप्प राहिल्या. तोवर पुस्तिका छापून झाली.)

या वेळी मात्र काकूंनी किटली खाली ठेवली.

“टोर्केल, बाळा, ती खिडकी माझ्या रागनारनं भिंत कापून केली. मी बाळंतपणानं अंथरुणाला खिळलेली. म्हणाला, पडल्यापडल्या तुला तळं दिसायला हवं. त्या दिवशी झिंग्यांची मेजवानी होती, प्यायलाही होता जरा जास्तच. करवत गेली तिरकी! सकाळी दोघं पोट धरून हसलो. तळं मात्र दिसत होतं हो.”

(झुकलेल्या पाइनपाशी मान डोलावणाऱ्या वाचकांनी ती आता सरळ करावी.)

“म्हणजे खिडकी मूळ घराची नाहीच. मग बसवा काच,” टोर्केल म्हणाले. आणि हळूच म्हणाले, “काकू, पाय गारठलेत माझे. मागच्या खेपेपासून.”