छप्परविजय, अर्थात तांगराव कवीश्वरांची हकीकत

श्री. हें अक्षर वाचकीं ध्यानीं धरावें. पुढें याजपायीं मोठें रणकंदन होणें आहे.

शालिवाहन शके १९३५, विजयनाम संवत्सरीं, आइंडहोवनलगत वेल्डरडॉर्प कसब्यांत कविकुलभूषण राजश्री तांग वेनबो नामें चिनी गृहस्थ नांदत होते. मूळ मुलूख चीन. तेथें एके परगण्याचा कारभार त्यांजकडे होता, आणि नदीस पूर आला, आणि मसलत भरली, मग तांगरावांनीं उपाय सांगावा तो नदीच्या सौंदर्यावर दीर्घ काव्य म्हटलें. काव्य सरतें तों पाणी दालनांत आलें आणि कारभार गेला. मग लेकीपाशीं हॉलंडास आले, आणि कसब्याचे दरबारीं, ज्यास येथें खमेंते म्हणतात, शिरण्याकरितां दोनदां निवडणूक लढले, दोनदां कविताच म्हटल्या आणि दोनदां शिकस्त खाल्ली. लेकीनें निर्वाणीचें फर्मान काढिलें जे, पुनः हार जाहलिया राजकारण बंद, आणि नातवंडांस कविता ऐकविणेंही बंद. दुसरें कलम फार जिव्हारीं लागलें.

तिसरे खेपेस उभे राहिले तेव्हां तांगरावांची मागणी एकच: बागेंतील बाकावर छप्पर. त्या बाकावर मराठी अभियंत्यांचे मायबाप, जे व्हिसा काढोन लेकरांकडे स्वारी करीत, ते तांगरावांसंगें बैसत. त्यांत वेदमूर्ति मोरेश्वरराव थर्मासबहाद्दर हे अग्रणी. भाषा परस्परांची कळेना. 'चहा' हा एकच शब्द उभयपक्षीं सारखा, तेवढ्यावर दोस्ती चाले. पाऊस मात्र तिरपा येई आणि चहांत पडे.

मोरेश्वररावांची सून भार्गवीबाई चिपांचीं यंत्रें घडविणाऱ्या कारखान्यांत सरदार होती. पांच वर्षें राहिलिया परकीयांसही कसब्याचें मत मिळतें हें जाणोन तिनें समस्त मराठी अभियंत्यांस व्हॉट्सॲपावर फर्मान सोडिलें: "उद्या आधी मतदान, मग ऑफिस. तांगकाकांच्या नावापुढचा गोल लाल पेन्सिलीनं भरा. श्रीगणेशा आपणच करायचा!"

समस्त फौज सायकलींवर आरूढ होऊन गेली. मतपत्रिका उघडितां सतरंजीएवढी. इतका कोरा कागद आणि हातीं पेन्सिल पाहतांच शाळेची सवय उसळली, त्यांत हुकूमही श्रीगणेशाचा, मग एकूणएक वीरानें माथ्यावर ठळक 'श्री' लिहिलें आणि मग गोल भरिला.

मोजणीस मुख्य अंमलदार हेंद्रिकपंत. कायदा ऐसा जे, मतदार ओळखूं येईल ऐसी खूण आढळलिया मत बाद. श्रीकारांकित पत्रिका बाजूस पडतांच विरोधकांनीं गिल्ला केला जे, हें चिनी अक्षर, उमेदवाराचीच लबाडी! तांगरावांस पाचारिलें. त्यांनीं चष्मा पुसोन अक्षर निरखिलें आणि म्हणाले, "माझं नाही. माझं अक्षर इतकं सुंदर असतं तर कविता छापून आली असती."

मोजणी पाहावयास आलेल्या भार्गवीबाईचें तोंड उतरलें. हें अक्षर आम्हां मराठ्यांचें, शुभारंभीं लिहावयाचें, ऐसें तिनें कबूल केलें. आपलेच फर्मानानें काकांचा घात जाहला म्हणोन डोळां पाणी आलें. हेंद्रिकपंतांनीं पुसिलें जे, कोणतें कोणी लिहिलें हें सांगतां येईल काय? बाई रडवेली होऊन बोलिली, "कसं सांगणार? आम्ही सगळेच लिहितो. मत असो, वाणसामानाची यादी असो. माझंही त्यातच आहे कुठंतरी."

हेंद्रिकपंतांनीं कॉफी घेतली, आणि त्या मुलखाचे रिवाजाप्रमाणें बिस्कीट एकच घेतलें, आणि मग निवाडा दिधला: जी खूण सर्वांची, तिजवरोन एकही माणूस ओळखूं येत नाहीं, सबब मतें कबूल. तांगराव काठावर निवडोन आले. अभियंत्यांच्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरांनींही "गणपती बाप्पा मोरया" केलें.

मग दरबारीं पहिलें भाषण. तांगरावांनीं कागदाच्या माथ्यावर कुंचल्यानें श्री रेखिलें, तें उलटें होतें, आणि आयुष्यांत प्रथमच गद्य बोलिले: "बाक आहे. म्हातारे आहेत. पाऊस आहे. छप्पर नाही." सभासद काव्याच्या भयें कोट चढवून दाराशींच उभे होते, त्यांनीं हर्षभरें ठराव मंजूर केला.

छप्पर उभें राहिलें. उद्घाटनाचे दिवशीं नेमकें लख्ख ऊन पडलें. हॉलंडांत ऊन सोडील तो मूर्ख, म्हणोन समस्त मायबाप गवतावर जाऊन पसरले, आणि विजयी वीर छपराखालीं एकटाच राहिला. मग मोरेश्वरराव गुडघे धरून उठले, थर्मास घेऊन बाकावर गेले आणि पुसते जाहले, "चहा?"

तांगराव म्हणाले, "चहा."

ऐसी फत्ते जाहली. नातवंडांस कविता पूर्ववत सुरू जाहली, ती अद्याप सरली नाहीं. ही हकीकत त्याच छपराखालीं बसोन, पावसाची वाट पाहत लिहिली असे.