दोन भाऊ आणि एक स्क्रू

सिग्नलला गाडी उभी राहिली की इंजिन इतकं थरथरायचं, की मागच्या सीटवर बसलेल्या आईची कवळी वाजायची. वडिलांची ही गाडी तीन लाख दहा हजार किलोमीटर धावलेली, आणि त्यांच्यामागे दोन मुलांच्या वाटणीत आलेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार थोरल्याचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार धाकट्याचे. रविवारी ती आईची, म्हणजे उभी.

दोघं एकाच घरात वर-खाली राहत आणि तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण कशावरून झालं ते एकालाही नीट आठवत नव्हतं. आपलं बरोबर होतं एवढं मात्र दोघांना लख्ख आठवत होतं. काय सांगायचं ते आईमार्फत सांगायचे, समोरासमोर उभे असले तरी. टपाल पोचवून पोचवून ती माउली थकली होती.

थरथर सुरू झाली तेव्हा थोरल्याने निदान केलं, की उभ्या गाडीत इंजिन फार हळू फिरतंय, स्लो वाढवायला हवा. बुधवारी त्याने कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा आवळला. गुरुवारी धाकट्याला गाडी उभ्या उभ्या घोंघावते आहे असं वाटलं आणि त्याने तो सैल केला. शुक्रवारी ती चौकात तीनदा बंद पडली, म्हणून थोरल्याने पूर्ण फेरा आवळला. मग धाकट्याने प्लग बदलले, थोरल्याने फिल्टर. महिनाभर असंच चाललं. तू काय केलंस हे विचारण्यापेक्षा इंजिन उघडणं दोघांनाही सोपं वाटत होतं.

अशात आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा गुरुवार आला. वेळ दहाची. तारीख चार महिन्यांनी मिळालेली. चुकली तर पुन्हा रांगेच्या शेवटी. आणि साडेआठला दोघं आईला घेऊन निघाले, तर गाडी फाटकातच बंद पडली.

"टॅक्सी बोलावतो," धाकटा म्हणाला.

"तुमच्या वडिलांची गाडी दारात असताना मी परक्या गाडीत बसायची नाही," आई म्हणाली.

धाकट्याने मेकॅनिकला फोन लावून स्पीकर चालू केला. "एकाने आत बसून रेस द्या, दुसऱ्याने बॉनेटखाली कान द्या," मेकॅनिक म्हणाला. "एकट्याचं काम नाही ते."

धाकटा आत बसला. थोरला बॉनेटखाली वाकला.

"आई, त्याला सांग, रेस वाढव."

"वाढव म्हणतोय," आई मागच्या सीटवरून म्हणाली.

"किती, विचार त्याला."

"किती, म्हणतोय."

उत्तर पोचेपर्यंत इंजिन बंद. असं तीनदा झालं.

"एक डोळा गेलाय, आता घसाही जाईल," आई म्हणाली. "नऊ वाजले. मी आता बोलणार नाही." आणि तिने काच वर केली.

चौथ्यांदा इंजिन मरायला टेकलं तेव्हा बॉनेटखालून आवाज आला, "सोडू नकोस रे, धर."

धाकट्याने धरलं. जरा वेळाने विचारलं, "आता?"

"असंच ठेव. कुठंतरी फुसफुसतंय."

थोरल्याने एका रबरी नळीवर पाणी टाकलं, तसा इंजिनचा आवाज बदलला. बोटाएवढी ती नळी टोकाशी चिरली होती आणि इंजिन तिथून भलतीच हवा ओढत होतं. महिनाभर बिचाऱ्या स्क्रूचे कान उगाच पिळले गेले होते. थोरल्याने चिरलेलं टोक कापून नळी परत बसवली, धाकट्याने स्क्रू फिरवून स्लो बेताचा केला आणि इंजिन शांत झालं. दोघं पुढे बसले.

पहिल्या सिग्नलला थोरला म्हणाला, "स्लो जरा कमी ठेवलास."

"बरोबर आहे."

"बंद पडेल."

"गरम झालं की वाढतो तो. बाबा एवढाच ठेवायचे."

"तुला काय माहीत? तू मागे झोपलेला असायचास."

दहाला पाच कमी असताना गाडी इस्पितळात पोचली. दोघं उतरले ते थेट बॉनेट उघडून भांडायला लागले. आई भिंतीचा आधार घेत एकटीच आत गेली.

"आजी, सोबत कोणी नाही?" खिडकीतल्या बाईने विचारलं.

"आहेत ना, दोन्ही मुलं आहेत. बाहेर बोलताहेत."

"सही लागेल. बोलावू त्यांना?"

"थोडं थांबा," आई म्हणाली. "माझी सही चालत असेल तर बघा."